डॉ. आनंदीबाई जोशी

अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या पदवीचे मूळ एका दहा दिवसांच्या बालकाच्या मृत्यूत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही कन्या. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. गोपाळराव वयाने पुष्कळ मोठे, बिजवर आणि तापट. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यापायी हात उगारण्यासही ते कचरत नसत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत आणि ते मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या काळी असे मृत्यू घरोघरी होत, आणि नशिबाला बोल लावून लोक गप्प बसत. आनंदीबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. पुरुष वैद्यापुढे जाण्यास स्त्रिया संकोचतात, स्त्री-वैद्य तर कोठेच नाही. मग माता व अर्भके वाचावीत कशी? या विचारातून त्यांनी स्वतःच डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा प्रवास घडला. पूर्वी मराठी कुटुंबे आपल्या उज्जयिनीत येऊन राहिली, तशाच त्याही परमुलखात राहिल्या. परदेशगमनास लोकांचा तीव्र विरोध होता. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून, हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्या अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीने निर्भयपणे पटवून दिले. त्याच वर्षी त्या अमेरिकेस निघाल्या. न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना मायेने आपल्या घरी ठेवून घेतले.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले. कडाक्याची थंडी आणि न मानवणारे अन्न यांमुळे प्रकृती ढासळली, क्षयाने ग्रासले. तरी अभ्यास सुटला नाही. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मग त्यांचे जीवन व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. अर्भकाचा मृत्यू हा दैवाचा खेळ नसून शोधाचा विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. याच मार्गाने पुढे अनेक आईबाप गेले. धडधाकट दिसणारे तान्हे मूल झोपेतच अकस्मात मरण पावते, आणि कसून तपास करूनही कारण सापडत नाही, असेही घडते. १९६९ साली या आकस्मिक शिशुमृत्यूला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले. मुले गमावलेल्या पालकांनी संशोधनाचा आग्रह धरला. मुलास पालथे निजविणे धोक्याचे आहे, असे आढळून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली, बाळास उताणे निजवा, अशी मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. सर्व कारणे अद्याप उमगली नसली, तरी हजारो बालके वाचली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे भावंड असेल, तर त्याला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. तोंडाजवळ उशा, लोड, मऊ दुपटी ठेवू नयेत. घरात कोणी विडी-सिगारेट ओढू नये. एवढे घरच्यांना सांगण्यास पदवी लागत नाही. ज्या मातेने आपले दुःख इतरांच्या मुलांसाठी कामी लावले, तिचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?