गागोद्याचे विनोबा आणि यंत्राचा प्रश्न

आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्या कुलाबा जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे नावाच्या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. तळोज्याहून पेण काही लांब नाही. तरीही माझ्या वर्गातल्या बहुतेकांना विनोबा म्हटले की भूदान आणि गीताई एवढी दोनच उत्तरे सुचतात, आणि परीक्षेत तेवढ्यावर गुणही मिळतात. मला मात्र त्यांच्या चरित्रातील तिसरीच गोष्ट मोलाची वाटते. पंचा नेसणारा, पहाटे तीनला उठणारा, चरखा चालविणारा हा माणूस आयुष्यभर विज्ञानाविषयी बोलत राहिला, आणि तेही विज्ञानाच्या बाजूने!

याचे मूळ त्यांच्या घरातच असावे. वडील नरहरी भावे बडोद्यास नोकरीला होते आणि कापड रंगविण्याच्या रसायनशास्त्रात त्यांना विलक्षण गोडी होती. घरी कापडाच्या चिंध्या रंगवून त्यांचे प्रयोग चालत. एवढ्या चिंध्यांत माझे एखादे लुगडे तरी रंगवून झाले असते, अशी आईची तक्रार असे. ही आई, रुक्मिणीबाई, फारशी शिकलेली नव्हती, पण अत्यंत भाविक होती. तिला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळेना आणि मराठीतली भाषांतरेही अवघड वाटत, तेव्हा तिने मुलालाच सांगितले की तूच का लिहीत नाहीस. ती १९१८ साली वारली. मुलाने गीताई लिहावयास घेतली ती १९३० च्या ऑक्टोबरात आणि पुरी केली १९३१ च्या फेब्रुवारीत. वडिलांची प्रयोगशाळा आणि आईचे देवघर एकाच छपराखाली नांदत होते. विनोबांना पुढे या दोहोंत भांडण दिसले नाही, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

कॉलेजात असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते सुरतेला उतरून काशीला गेले. हा प्रसंग वर्गात सांगताना सर्वांना मोठी स्फूर्ती येते. मला खरे सांगायचे तर थोडे अवघडल्यासारखे होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझी दहावीची गुणपत्रिका आईने प्लास्टिकच्या आवरणात घालून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवली आहे. ज्यांच्या घरात विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांना कागद जाळता येतो. विनोबांच्या त्यागाची किंमत यामुळे कमी होत नाही, पण त्या चुलीकडे सगळ्यांना सारख्याच नजरेने पाहता येणार नाही, एवढे म्हणावेसे वाटते.

काशीहून ते गांधीजींकडे आले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. मध्ये वर्षभराची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत त्यांनी शास्त्राभ्यास केला. १९२१ साली वर्ध्याचा आश्रम चालविण्यासाठी ते गेले आणि पुढचे सारे आयुष्य वर्धा आणि पवनार हेच त्यांचे घर झाले. तुरुंगवास अनेक वेळा घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली, हे सर्वांना माहीतच आहे.

वर्ध्याच्या या वर्षांत ते सूत कातत होते, पण ते जपमाळ ओढल्यासारखे नव्हे. गणित हा त्यांचा अतिशय आवडता विषय. किती तास कातले, किती तार निघाले, बसून किती आणि उभ्याने किती, याचा ते हिशेब ठेवीत. कातणाऱ्याच्या मजुरीवर आपले पोट भरते का, हे त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून पाहिले. पुढे १९५० साली पवनारला पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग केला, त्यात बैलाशिवाय, केवळ हातांनी शेती करून पाहिली. चरख्याकडे ते यंत्र म्हणूनच पाहत होते, आणि यंत्राची परीक्षा प्रयोगानेच घ्यावी लागते हा वडिलांचा धडा त्यांनी सोडला नव्हता.

यातूनच त्यांनी यंत्रांची केलेली वर्गवारी तयार झाली असावी, असा माझा तर्क आहे. त्यांच्या मते यंत्रे तीन जातींची. काही वेळ वाचवितात; आगगाडी, विमान ही समयसाधक, ती हवीतच. काही संहारक, तोफा, बॉम्ब, त्यांना अहिंसेत जागा नाही. तिसरी उत्पादक, आणि खरा प्रश्न इथेच येतो. उत्पादक यंत्र माणसाच्या हाताला मदत करीत असेल तर ते पूरक, आणि हातातले काम हिसकावून त्याला रिकामा बसवीत असेल तर ते मारक. शिवाय एकच यंत्र एका देशात पूरक आणि दुसऱ्या देशात मारक असू शकते. आज मारक असलेले उद्या पूरक ठरू शकते. म्हणजे यंत्र चांगले की वाईट हे यंत्राकडे पाहून कळत नाही, ज्या गावात ते येते त्या गावाकडे पाहून कळते.

आम्हा तळोजेकरांना ही वर्गवारी समजायला पुस्तक लागत नाही. १९७० नंतर येथे औद्योगिक वसाहत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये इथली भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर छापून आली, ती एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगामुळे. लुगड्याच्या चिंध्या रंगविणारे नरहरी भावे मला त्या वेळी माहीत असते तर फार चमत्कारिक वाटले असते. रंगही तोच, रसायनही तेच. माझे बाबा वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पोती भरीत. तेथे भरणीचे स्वयंचलित यंत्र आले, आठ माणसांच्या जागी दोन उरली, आणि बाबा त्या दोघांत नव्हते. आता ते रिक्षा चालवितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून पेंधर स्थानकाबाहेरची भाडी त्यांना मिळतात. एका यंत्राने काम नेले, दुसऱ्याने दिले. विनोबांनी मांडलेली तिन्ही खाती आमच्या एकाच घराच्या वहीत भरलेली आहेत.

८ मार्च १९५१ रोजी विनोबा सेवाग्रामहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाची कथा येथून सुरू होते. पुढे तेरा वर्षे ते चालले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाल्याचे सांगितले जाते; तीतली बरीचशी नापीक होती आणि बरीचशी वाटलीच गेली नाही, हेही सांगितले पाहिजे.

या चालण्यातच विज्ञान आणि अध्यात्म यांचा त्यांचा विचार पिकला. १९५७ साली ते कर्नाटकात होते. सप्टेंबरात म्हैसूरजवळ येलवालला ग्रामदान परिषद भरली, तिला पंडित नेहरू आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादही आले होते. त्याच वर्षी त्यांनी 'जय जगत्' हा उद्‌घोष दिला. पुढच्याच महिन्यात, ४ ऑक्टोबरला, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. पायी चालणाऱ्या या माणसाला अवकाशयानाचे भय वाटले नाही. त्यांचे म्हणणे असे की राजकारण आणि पंथोपंथांचे धर्म यांचे दिवस सरले. यापुढे विज्ञान आणि आत्मज्ञान हीच दोन राहतील. गाडीला वेग देणारे यंत्र लागते आणि दिशा देणारेही लागते. वेग विज्ञानाचा, दिशा आत्मज्ञानाची. विज्ञान हिंसेशी जोडले तर सर्वनाश, अहिंसेशी जोडले तर पृथ्वीवरच स्वर्ग. अणुशक्तीसुद्धा गावोगाव वाटली जाणार असेल तर तिचे स्वागत करायला ते तयार होते. पुढे १९६५ मध्ये बिहारच्या तूफान यात्रेत ते स्वतः मोटारीत बसले, ते या विचाराला धरूनच.

मित्रहो, आज आपल्या कँटीनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी चर्चा रंगते, ती बहुतेक वेळा वेगापाशीच थांबते. मोबाईलने निबंध दहा सेकंदांत लिहिला, की वीस! विनोबांची फूटपट्टी लावली तर विचारावे लागेल की ती माझ्या डोक्याला पूरक आहे की मारक. कदाचित ज्याला निबंध लिहिता येतो त्याला पूरक आणि ज्याला अजून यायचा आहे त्याला मारक, म्हणजे माझ्यासारख्यालाच.

परंतु एका ठिकाणी मला विनोबांचे पटत नाही. यंत्र पूरक की मारक हे ठरवायचे कोणी? त्यांचे उत्तर होते, गावाने, एकमताने. भरणीचे यंत्र आले तेव्हा बाबांना कोणी विचारले नाही, ग्रामसभेला तर नाहीच. राजकारणाचे दिवस सरले म्हटल्याने ते सरत नाही. ते ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती राहते. आणीबाणीच्या काळात विनोबा वर्षभराच्या मौनात होते. अनुशासनपर्व हा त्यांनी लिहिलेला शब्द सरकारने आपल्या सोयीने वापरला. आपल्या मनात आचार्यांचे अनुशासन होते, असा खुलासा त्यांनी नंतर केला, पण तोवर तो शब्द भिंतींवर रंगला होता.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर हजर होते, उपचार शक्य होते. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारली; अनेकांनी केलेल्या विनवण्यांचा उपयोग झाला नाही. विज्ञानाचा एवढा कैवार घेणाऱ्या माणसाने शेवटी औषध दूर सारले, यावर आमच्या घरी एकमत नाही. आजीला तो पुण्यवंताचा शेवट वाटतो. बाबांचे म्हणणे असे की औषध दारात उभे असताना नको म्हणणे वेगळे, आणि बिल ऐकून पेशंटला घरी घेऊन येणे वेगळे. मला स्वतःला वाटते की यंत्राची जी परीक्षा ते चरख्यावर बसून घेत होते, तीच त्यांनी येथेही स्वतःवरच घेतली.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, त्यांचे निधन झाले. पवनारलाच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.