डॉ. मेबल आरोळे : औषधांची पेटी कुणाच्या हाती?



जामखेड तालुक्याचं नाव काढलं की आपली मुलं पटकन चौंडी सांगतात. बरोबरच आहे, अहिल्यादेवींचं ते जन्मगाव, आणि आता तर जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. पण याच तालुक्यात राहून काम केलेल्या आणखी एका बाईंची ओळख मुलांना करून द्यायला हवी. त्यांचं नाव डॉ. मेबल आरोळे. सार्वजनिक आरोग्य शिकणारे परदेशातले विद्यार्थी जामखेड हे नाव त्यांच्या आणि त्यांच्या पतीच्या कामामुळे ओळखतात. आपल्या वर्गात मात्र ते क्वचितच घेतलं जातं.

मेबल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ चा, जबलपूरचा. वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात प्राध्यापक. मराठी ही काही त्यांच्या घरची भाषा नव्हती. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेतलं आणि तिथेच त्यांना आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा भेटला : रजनीकांत आरोळे. दोघांनी लग्न केलं ते खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं असं ठरवूनच. असं ठरवणारे पुष्कळ असतात म्हणा! पण या दोघांनी ते निभावलं.

१९६२ ते १९६६ ही वर्षं त्यांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली. दवाखाना चांगला चालायचा, रोग्यांची रीघ लागायची. तरीही दोघांच्या मनाला एक गोष्ट खात होती. हगवणीने सुकलेलं मूल दवाखान्यात यायचं, सलाईन लावून बरं व्हायचं, घरी जायचं आणि तेच पाणी पिऊन पुन्हा यायचं. धनुर्वाताची बाळं यायची, कारण नाळ विळ्याने कापलेली असायची. क्षय, कुष्ठरोग, उपासमार, सगळं यायचं, पण फार उशिरा यायचं. येणाऱ्यांतले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. मग दवाखान्यात बसून आलेल्याला बरं करत राहणं, एवढ्यावर डॉक्टरचं कर्तव्य संपतं का?

इथे थोडं थांबा. वैद्यकातली नीतिमत्ता म्हटलं की आपल्याला आठवतं ते चुकीचं ऑपरेशन, भरमसाठ बिल, औषध कंपन्यांच्या भेटवस्तू. ते प्रश्न आहेतच. पण गरीब देशात त्यांच्याही आधीचा एक प्रश्न असतो : जो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, त्याची जबाबदारी कुणाची? मेबल यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला या प्रश्नाने वळण दिलं.

उत्तर शोधायला दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलंडमध्ये प्रशिक्षण घेतलं, नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथेच राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. १९७० मध्ये दोघं परत आले आणि जामखेडला राहिले. बीडच्या हद्दीला लागून असलेला हा कायम पावसाकडे डोळे लावून बसणारा भाग. गावातल्या पुढाऱ्यांशी आधी बोलणं केलं, त्यांनी बोलावल्यावर आले, आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं.

डॉक्टरांनी ठरवलं होतं आरोग्याचं काम करायचं. लोकांना हवं होतं पाणी आणि भाकरी. १९७२ चा दुष्काळ घरातल्या मोठ्यांकडून तुम्ही ऐकला असेल. ती सगळीच वर्षं कोरडी होती. अशा वेळी लसीकरणावर भाषण द्यायचं की विहिरीचं बघायचं? आरोळे दांपत्याने विंधनविहिरी खणायला मदत मिळवली, लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू करून दिले. एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. विंधनविहीर शक्यतो दलित वस्तीत घ्यायची, असं त्यांनी धोरण ठेवलं. पाणी प्यायचं तर बाकीच्या गावाने तिकडे यायचं! अस्पृश्यतेवर व्याख्यान न देता केलेलं हे काम. तरुण शेतकऱ्यांना एकत्र आणायला व्हॉलीबॉल खेळवला, तोही याच विचाराने. बॉल जात बघून कुणाकडे जात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावात नेमून पाहिल्या. जमलं नाही. शहरात वाढलेली, एकटी, तरुण मुलगी परक्या खेड्यात कशी राहणार? तिला सुरक्षित खोली नाही, बोलायला कुणी नाही, आणि गावातल्या बायकाही तिला मनातलं सांगत नाहीत. दोष त्या मुलींचा नव्हता. मग गावकऱ्यांशी बोलता बोलता वाट सापडली : गावातलीच बाई घ्यावी. लग्न झालेली, लेकरंबाळं वाढवलेली, गावाने निवडलेली. शिकलेली नसली तरी चालेल.

हे वाक्य आज वाचताना सोपं वाटतं. त्या काळी ते केवढं धाडसाचं होतं याचा विचार करा. सही करता न येणाऱ्या बाईच्या हाती औषधांची पेटी द्यायची? बाळंतपण तिच्यावर सोपवायचं? तिच्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर? शिवाय दुसरा आक्षेप त्याहून टोचणारा : शहरातल्या माणसाला एमबीबीएस डॉक्टर आणि खेड्यातल्या गरिबाला अडाणी बाई, हा कुठला न्याय? गरिबांसाठी दुय्यम दर्जाचं वैद्यक काढलंत की काय?

आक्षेप खोटे नव्हते, आणि मेबल यांनी ते उडवून लावले नाहीत. त्यांनी त्यांची उत्तरं कामाच्या पद्धतीतच बसवली. कार्यकर्तीकडे ठरावीक साधी औषधं, मलमपट्टी, स्वच्छ बाळंतपणाचं साहित्य. काय करायचं हे शिकवायचं, आणि काय करायचं नाही, रोगी कधी जामखेडला पाठवायचा, हेही तितक्याच कसोशीने शिकवायचं. तिच्या पाठीशी शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय आणि गावात फेरी मारणारं पथक. आणि शिक्षण एकदाच उरकून प्रमाणपत्र हातात द्यायचं नाही. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, गावातली अडचण सांगायच्या, त्यावर चर्चा व्हायची, नवं थोडं शिकायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. आपण शिक्षकांनी इथे कान टवकारायला हवेत. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तीन दिवसांचा वर्ग, एक फाईल आणि चहा!

सुरुवातीचा पुष्कळ वेळ औषधांच्या नावांत गेलाच नाही. या बायकांना आपण काही शिकू शकतो हेच पटत नव्हतं. त्यांतल्या बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, मान खाली घालून जगायची सवय झालेल्या. त्यांचा आत्मविश्वास उभा करणं हा मेबल यांच्या वर्गाचा पहिला धडा होता. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकाच ठिकाणी जेवत, एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. नंतर ज्या घरांच्या उंबऱ्याशीही त्यांना उभं केलं जात नव्हतं, त्या घरांतून सून अडली म्हणून मध्यरात्री बोलावणं यायला लागलं.

दुय्यम दर्जाच्या आक्षेपाचं काय? माझ्या मते त्याचं खरं उत्तर या बायकांनी केलेल्या कामात आहे. पोटुशी बाई जास्त जेवली तर बाळ मोठं होऊन अडतं, म्हणून तिला कमी खाऊ घालायचं. बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध वाईट म्हणून पिळून टाकायचं. हगवण लागली की मुलाचं पाणी तोडायचं. या समजुती घालवायला जगातला मोठ्यातला मोठा डॉक्टर आला असता तरी सासूबाईंनी त्याचं ऐकलं नसतं. शेजारची, स्वतः चार बाळंतपणं केलेली बाई चुलीपाशी बसून सांगते, मीठ-साखरेचं पाणी समोर करून दाखवते, तेव्हा ते पटतं. म्हणजे ती डॉक्टरची स्वस्तातली नक्कल नव्हती. डॉक्टरला न जमणारं काम ती करत होती. अंगावरचा बधिर चट्टा ओळखून कुष्ठरोग लवकर शोधण्याचं कामही या बायकांनी केलं, आणि त्या रोग्यांना जामखेडच्या रुग्णालयात वेगळं न काढता सगळ्यांबरोबरच उपचार मिळत.

सुरुवातीला या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा ३० च्या खाली आला. मुलांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. हजारामागे जवळजवळ दीडशे घरांतला आकांत टळला.

कुटुंबनियोजनाची हकिकतही सांगायलाच हवी. आणीबाणीत देशभर नसबंदीची उद्दिष्टं ठरवून सक्ती झाली. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. लोकसंख्या आटोक्यात येणं चांगलं, मग जबरदस्ती झाली तर काय बिघडलं, असं म्हणणारे आजही भेटतात. जामखेडमध्ये उलटी वाट धरली होती. आधी मुलं जगू द्या. चारांतलं एक जाणारच, ही भीती आईबापांच्या मनातून गेली की ते आपणहून विचारायला येतात. तसे ते आलेही, आणि साधनं द्यायला ओळखीचीच बाई गावात होती. हेतू चांगला असला तरी माणसाच्या शरीरावरचा निर्णय त्याच्याकडून काढून घेता येतो का, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे जरूर ठेवा. करोनाच्या काळातली उदाहरणं ती स्वतःच देतील.

बाहेरच्या जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून झालेल्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर या दोघांनी लिहिलेलं प्रकरण होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथल्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा झाला. त्यामागच्या विचाराला बळ देणाऱ्या प्रयोगांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबल यांनी युनिसेफसाठी दक्षिण आशियात सल्लागार म्हणूनही काम केलं. २७ सप्टेंबर १९९९ रोजी त्या गेल्या. डॉ. रजनीकांत २०११ पर्यंत काम करत होते, आणि त्यांची मुलंही याच कामात उतरली.

कल्पना मात्र जामखेडच्या बाहेर गेली तेव्हा थोडी विरली. १९७७ मध्ये सरकारने गावोगावी आरोग्य स्वयंसेवक नेमले, त्यांत पुरुषांचाच भरणा झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशाताई आल्या. गावातलीच बाई, हे सूत्र उचललं गेलं. दर आठवड्याचं शिक्षण, गावाशी असलेली बांधिलकी, पाठीशी भक्कम रुग्णालय हे मागे राहिलं. आशाताई कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, असं कागदावर लिहिलेलं असतं. काम मात्र सर्वेक्षणापासून लसीकरणापर्यंत वाढतच जातं, आणि मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. मेबल यांच्यापुढे प्रश्न होता की गरीब बाईवर विश्वास टाकायचा की नाही. आता तो असा आहे, की तिच्या चांगुलपणावर सरकारने किती दिवस काम भागवायचं?

तुमच्या वर्गात एखाद्या मुलाची आई आशाताई असेलच. त्यांना एक तास बोलवा. बॅगेत काय काय असतं, कोणतं औषध द्यायची मुभा आहे, कोणतं नाही, रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर सोबत कोण जातं, शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, हे प्रश्न मुलांनाच विचारू द्या, आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायला सांगा. जमलं तर सहल जामखेडला न्या. चौंडी तिथून जवळच आहे.