सीपीआरमध्ये रुजू न झालेल्या डॉक्टर

कामानिमित्त फिलाडेल्फियाला गेले असताना तिथले वैद्यकाच्या इतिहासाचे म्युटर म्युझियम पाहिले. काचेच्या कपाटांत शस्त्रक्रियेची जुनी हत्यारे, सांगाडे, कवट्या. याच शहरात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे; तिचा कोल्हापूरशी असलेला धागा मात्र इथे सांगावासा वाटतो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. बाळाला उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली. १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या असताना, नवरा सोबत नसताना त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. म्हणजे आपले सीपीआर! पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई कामावर रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी याच हॉस्पिटलात काम केले. आपल्या बॅचमधल्या डॉक्टर मैत्रिणींनो, सीपीआरच्या दारातून जाल तेव्हा एवढे आठवा : इथे एका बाईची जागा ठरली होती, आणि ती यायची राहून गेली.