खराटा आणि पाटी : वऱ्हाडच्या गाडगेबाबांचे चरित्र

बौद्ध व्यवस्थापनाच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका कीर्तनकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. आम्ही संतपरंपरेचे अनुयायी नाही, आणि कीर्तनाने सामाजिक क्रांती होते असे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्हांस वाटत नाही. तथापि अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या मातीतून वर आलेला, स्वतः अक्षरशून्य राहिलेला एक मनुष्य आयुष्यभर गावोगाव इतरांच्या मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरत राहिला, ही घटना वसतिगृहांत राहून शिकलेल्या आपल्या पिढ्यांनी समजून घ्यावी अशी आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. पोरका डेबू आईसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढला. गुरे राखणे, पुढे शेत कसणे, हेच त्याचे शिक्षण. पाटी हातात आली नाही.

त्या काळचा वऱ्हाड नीट पाहिल्याशिवाय पुढची हकिकत उमगत नाही. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. भुसावळहून निघालेली आगगाडी १८६७ पर्यंत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकून नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागला, जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. आगगाडी, तारयंत्र, कायदा, स्टँप-पेपर हे सारे नवे तंत्र एकाच पिढीत शेतकऱ्याच्या दारात आले. परंतु ते वाचण्याची विद्या मात्र आली नाही. कापसाचा भाव कोठे ठरतो हे कुणब्याला ठाऊक नव्हते, आणि कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे तर त्याहून नव्हते. ज्याला वाचता येत होते त्याच्या हाती कागद हे शस्त्र झाले. ज्याला येत नव्हते त्याची जमीन त्या कागदाखाली गेली.

डेबूच्या मामांचे नेमके हेच झाले. कष्टाने पिकाऊ केलेली जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. कागदावर मामांची निशाणी होती. कागदात काय आहे हे मामांना माहीत नव्हते. हा घाव मामांना सोसवला नाही आणि ते गेले. सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबू शेतात आडवा उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. पुढे बाबांच्या प्रत्येक कीर्तनात कर्ज आणि अडाणीपणा ही जोडगोळी आली, तिचे मूळ दापुऱ्याच्या त्या वावरात आहे असे आमचे मत आहे. बाबांच्या वैराग्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, या कागदाविषयी कमी. आम्हांला तो कागद अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या स्वतःच्या आजोबांची दोन एकर जमीन अशाच एका निशाणीने गेली, म्हणूनही तसे वाटत असेल.

मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालण्याची रूढी डेबूजींनी मोडली आणि जातभाईंचा रोष पत्करला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचे खापर. तेच खापर डोक्यावर टोपीसारखे, तेच जेवायला ताटासारखे. लोकांनी त्या गाडग्यावरून नाव दिले. सुरुवातीच्या कामांपैकी एक ऋणमोचन येथील पूर्णा नदीच्या घाटाचे. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी ते माती टाकू लागले, मग लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. ऋणातून मुक्ती देते म्हणून ज्या तीर्थाची ख्याती, तेथे सावकारी पाशात होरपळलेल्या घरातील मुलगा पायऱ्या बांधत होता. मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, मुंबई येथे पुढे धर्मशाळा झाल्या. इमारतींची ही यादी मोठी आहे आणि इतरत्र ती सहज मिळते.

आम्ही थांबणार आहोत ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीपाशी, कारण तो आमचा व्यवसाय आहे. बाबा गावात येत ते आधी झाडत. दिवसभर गल्ल्या, उकिरडे, देवळापुढची जागा स्वच्छ करीत आणि रात्री त्याच जागेवर कीर्तनाला उभे राहत. पोथी नाही, निरूपणाची ठरावीक चौकट नाही. शुद्ध वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, आणि उत्तर आल्यावाचून पुढे जात नसत. देवाला आंघोळ कोण घालते, नैवेद्यावर आलेले कुत्रे कोण हाकलते, अशा साध्या प्रश्नांच्या पायऱ्यांनी ते मंडळींना अशा ठिकाणी आणून सोडत की निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून निघे. मग गोपालाचा गजर, आणि पुन्हा नवा प्रश्न. बी. एड.च्या वर्गात प्रश्नोत्तर पद्धतीवर आम्ही टिपणे काढली होती. ती पद्धत हजारोंच्या समुदायापुढे चालवणारा मनुष्य शाळेची पायरी चढला नव्हता. ऐकणे, ध्यानात ठेवणे आणि विचारणे ही त्यांची अभ्यासाची साधने होती, आणि तुकोबांचे अभंग याच साधनांनी त्यांच्या मुखी बसले होते.

या स्मरणशक्तीचा त्यांनी स्वतः कधी गौरव केला नाही, हे विशेष. आपण न शिकता एवढे केले, तेव्हा शाळेवाचून चालते, असा अर्थ कोणी काढू नये याची ते काळजी घेत. भांडी विकावी लागली तर विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, मोडक्या घरात राहा, परंतु मुलाला शाळेत घालण्यास कसूर करू नका, असे ते गावोगाव विनवीत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेवर त्यांचा लोभ होता. कऱ्हाडच्या महाविद्यालयाला १९५४ साली त्यांचेच नाव दिले गेले. १९५२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या मिशनने पुढे आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांच्या स्नेहाविषयी आपल्या समाजात अनेक आख्यायिका आहेत. त्या सर्वांची जबाबदारी आम्ही घेत नाही. एक गोष्ट मात्र निश्चित. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वारकऱ्यांच्या निवाऱ्याचे रूपांतर विद्यार्थ्यांच्या निवाऱ्यात व्हावे, हा निर्णय विठ्ठलाचा गजर करणाऱ्या मनुष्याने घेतला. दोघांचे मार्ग भिन्न होते, आणि ते एकच होते असे भासवणे दोघांवरही अन्याय आहे. बाबासाहेबांनी ग्रंथ, कायदा आणि संघटना यांच्या बळावर लढा दिला आणि अखेरीस धम्माचा स्वीकार केला. गाडगेबाबा कीर्तनाच्या चौकटीतच राहिले. मात्र त्या चौकटीत बळी, नवस आणि शिवाशिव यांना त्यांनी थारा दिला नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा येथे पोलिसांपुढे बाबांचे कीर्तन झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला अद्याप चार आठवडेही झाले नव्हते. हे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ज्याने आयुष्यात कागदावर एक ओळ लिहिली नाही, त्याचा शब्द असा एका यंत्राने राखून ठेवला. त्या कीर्तनात बाबा विद्येचा विषय काढतात आणि दाखला देतात तो बाबासाहेबांचा. शाळेत गेले म्हणून त्यांच्या हातून देशाची घटना झाली. गेले नसते तर झाडूच त्यांच्या वाट्याला आला असता, अशा आशयाचे ते बोलतात. हा भाग आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला आहे. स्वतःच्या खराट्याला प्रतिष्ठा मिळवून देणारा मनुष्य येथे स्पष्टपणे सांगतो की तो खराटा दुसऱ्याच्या मुलाच्या हाती जन्माने येता कामा नये. आपण स्वखुशीने घेतलेला झाडू आणि जातीने लादलेला झाडू यांतील अंतर त्यांना पुरते ठाऊक होते.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठही आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

दरवर्षी डिसेंबरात आम्ही नववीच्या वर्गात ते ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावतो. मोबाइल वर्गात आणण्यास विद्यार्थ्यांना मनाई आहे, त्यामुळे सरांच्या हातात तो पाहून प्रथम कुजबुज होते. आवाज खरखरीत आहे, मागे लोकांचा गलका आहे. बोली ऐकून मुले हसतात. पुस्तकातल्या थोर पुरुषाने आपल्या आजीसारखे बोलावे याचे त्यांना नवल वाटते. पाच-सात मिनिटांनी हसू थांबते. पलीकडून बाबा प्रश्न विचारतात, आणि १९५६ सालच्या पोलिसांबरोबर मागच्या बाकावरची दोन-तीन मुलेही उत्तर देऊ लागतात.