लुसी विल्स, लाल गोळी आणि मधुमेहींचे तळपाय

गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी मिळते. आंजी (मोठी) असो की मुंबई, गोळी तीच. तिच्यातल्या फॉलिक अ‍ॅसिडचा पहिला माग मुंबईत लागला. तो काढणाऱ्या डॉक्टर होत्या लुसी विल्स.

1888 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकल्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वैद्यकीय शिक्षण नंतर, 1920 मध्ये पूर्ण झालं. 1928 साली त्या मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापडगिरण्यांतल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावत. विल्स यांनी त्यांच्या ताटात पाहिलं, तर भाजी, फळं, दूध, मांस जेमतेम. उंदीर-माकडांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर उपचार. यीस्टपासून बनणारं स्वस्त मार्माइट दिल्यावर बायकांचं रक्त भरू लागलं. 1931 मध्ये हे छापून आलं. मार्माइटमधला तो अनोळखी घटक पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. तेच फॉलिक अ‍ॅसिड.

त्यांची खरी हुशारी पुढच्या कामात दिसते. दुसऱ्या एका घातक पंडुरोगातही रक्तपेशी अशाच मोठ्या दिसतात, पण त्यावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. म्हणजे दिसायला एक, कमतरता दोन. दुसरी कमतरता बी-12ची, हे 1948 मध्ये ते जीवनसत्त्व हाती आल्यावर स्पष्ट झालं. तोवर काही डॉक्टरांनी त्या रुग्णांना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं होतं. रक्त सुधारलं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहिलं.

1947 मध्ये निवृत्त झाल्यावरही विल्स जमैका, फिजी इथे गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम करत राहिल्या. लग्न केलं नाही. लंडनला दवाखान्यात सायकलनं जात. 1964 मध्ये त्या वारल्या.

त्यानंतर काही वर्षांतच मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाबाबत एक गोष्ट लक्षात आली. ही गोळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होणारं बी-12चं शोषण कमी करते. मात्रा जास्त आणि वर्षं जास्त, तसा धोका जास्त. शाकाहारी माणसाला बी-12 मुळात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. मग तळपायाला मुंग्या येतात, आग होते आणि सगळा दोष साखरेवर जातो. अशा वेळी कुणी दुकानातून फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक आणलं, तर हिमोग्लोबिन छान दिसेल आणि नसा बिघडत राहतील. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर अधूनमधून बी-12 तपासून घ्यावं, हातापायाला मुंग्या असतील तर नक्कीच. कमी निघालं तर बी-12ची गोळी किंवा इंजेक्शन मिळतं. मेटफॉर्मिन मात्र डॉक्टरांना न विचारता सोडायची नाही. साखर वाढली की त्याच नसांना त्रास.