विणकर महात्मा कबीर



परमपूज्य बाबासाहेबांनी आपले तीन गुरू मानले : भगवान बुद्ध, महात्मा कबीर आणि महात्मा फुले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी होते. म्हणजे कबीरांची ओळख बाबासाहेबांना घरातच झाली. तुमच्या मुलांनाही ती तुमच्याच तोंडून झाली पाहिजे.

कबीर पंधराव्या शतकात काशीच्या जुलाह्यांत वाढले. जुलाहा म्हणजे विणकर. त्यांनी विणलेले कापड सर्वांना चाले, पण विणणारा मात्र हलका ठरे. जुलाह्यांनी इस्लाम स्वीकारला, तरी हा शिक्का पुसला गेला नाही. कबीरांनी माग सोडला नाही. कापड विणून पोट भरले आणि पंडित व मुल्ला या दोघांनाही जाब विचारला. जन्मावरून ठरणारा उच्चनीचपणा, मूर्तिपूजा, तीर्थस्नान, सारे त्यांनी नाकारले. काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो आणि मगहरात मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, अशी समजूत होती. कबीर अखेरीस काशी सोडून मगहरला गेले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला.

पुढे काय झाले, ते नीट ध्यानात घ्या. विणकराच्या घरी एवढी बुद्धी जन्मते, हे लोकांना सोसले नाही. कोणी त्यांना ब्राह्मण विधवेचा पुत्र केले, तर कोणी लहरतारा तलावातील कमळावर प्रकट केले. ज्यांनी कर्मकांड नाकारले, त्यांचीच पूजा सुरू झाली. मगहरला आज त्यांची समाधी आणि मजार शेजारी शेजारी उभ्या आहेत.

विणकामातील विटाळ आपल्या वडीलधाऱ्यांनीही भोगला आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याची नोकरी अस्पृश्यांना मिळत नसे. कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला.

भगवान बुद्धांनाही असेच विष्णूचा अवतार ठरविण्यात आले. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी हा प्रचार खोटा असल्याचे आपल्याकडून वदवून घेतले. तेव्हा घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी लावा. पण त्यांना नवस बोलू नका, चमत्काराच्या कथा रचू नका. आपल्या आजाचा धंदा मुलांपासून लपवू नका. कबीरांनी तो लपविला नाही.

जय भीम!