विश्लेषण : भारताचे यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर उपचारांअभावी का गेले?

डिजिटल डेस्क, वडगाव मावळ : आपल्या मावळ तालुक्यातल्या गहुंजे मैदानावर भारताकडून कसोटी खेळणाऱ्या क्रिकेटपटूला आज एका सामन्याचे १५ लाख रुपये मानधन मिळते. मात्र दोन इंग्लंड दौऱ्यांवर भारताचा पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक असलेला एक मराठी खेळाडू पुरेशा उपचारांअभावी वयाच्या चाळिशीत गेला. त्यांचे नाव दत्ताराम धर्माजी हिंदळेकर.

कोण होते हिंदळेकर?

जन्म १ जानेवारी १९०९, रत्नागिरी. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, पगार महिना ८० रुपयांहूनही कमी. रणजी करंडकात मुंबईकडून आणि त्या काळी गाजणाऱ्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून ते खेळत. कपड्यांच्या टापटिपीची त्यांना फारशी फिकीर नसे. स्टंपमागे मात्र त्यांचे काम चोख होते.

पहिल्या कसोटीत काय झाले?

जून १९३६. लॉर्ड्स. यष्टिरक्षक हिंदळेकर थेट सलामीला उतरले. विजय मर्चंट यांच्यासोबत त्यांनी ६२ धावांची भागी केली. त्यात त्यांच्या २६ धावा होत्या. बाकी फलंदाजी कोसळली आणि भारताचा डाव १४७ धावांत आटोपला. पुढे बोटाच्या हाडाला इजा झाली, नजरही अंधुक झाली आणि संघातली जागा गेली. मँचेस्टरच्या पुढच्याच कसोटीत मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली.

दहा वर्षे कुठे गेली?

दुसऱ्या महायुद्धामुळे. १९३६ नंतर भारताची पुढची अधिकृत कसोटी थेट १९४६ मध्ये झाली. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशीच सरली. तरीही ३७ व्या वर्षी हिंदळेकर पुन्हा इंग्लंड दौऱ्यासाठी निवडले गेले आणि तिन्ही कसोटी खेळले.

मँचेस्टरची ती १३ मिनिटे

२७८ धावांचे लक्ष्य असताना भारताचे नऊ गडी बाद झाले होते. शेवटची जोडी होती रंगा सोहोनी आणि हिंदळेकर. दोघांनी उरलेली १३ मिनिटे खेळून काढली. धावफलकावर ९ बाद १५२, पराभव टळला. हिंदळेकरांच्या नावावर त्या डावात मोजून चार धावा आहेत. पण त्या दिवशी धावांपेक्षा टिकून राहण्याला किंमत होती.

शेवट असा का झाला?

चार कसोटी, ७१ धावा, तीन झेल एवढीच त्यांची कसोटीतली नोंद. तेव्हा खेळाडूंना ना वार्षिक करार होते, ना वैद्यकीय विमा. आजारपणात तुटपुंज्या पगारावर उपचार परवडेनात. वृत्तपत्रांतून मदतीची आवाहने छापून आल्यावर क्रिकेट संघटनांना जाग आली. तोवर उशीर झाला होता. ३० मार्च १९४९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढे काय?

त्यांचे भाचे विजय मांजरेकर भारताकडून ५५ कसोटी खेळले. विजय यांचे पुत्र संजय ३७. माजी कसोटीपटूंसाठी मासिक निवृत्तिवेतन सुरू व्हायला मात्र २००४ साल उजाडले. हिंदळेकरांना जाऊन तेव्हा ५५ वर्षे झाली होती.